हडपसरची दिवाळी

ना. सं. इनामदार गेले तो दिवस 16 ऑक्टोबर 2002. आदल्याच दिवशी दसरा झाला होता. पेशवाईत याच मुहूर्तावर फौजा पुण्याबाहेर पडायच्या, गावाबाहेर पहिला डेरा पडायचा आणि मग घरच्यांनी पुढचे कैक महिने जासुदाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. त्या फौजांवर उभं आयुष्य लिहिणारा माणूस सीमोल्लंघनाच्या दुसऱ्या दिवशी निघाला. आणखी नऊ दिवस थांबले असते तर 25 ऑक्टोबर उजाडला असता. हडपसरच्या लढाईला त्या दिवशी बरोबर 200 वर्षं पूर्ण झाली. असा योग त्यांनी स्वतःच्या कादंबरीत जुळवला असता, तर चोखंदळ वाचकानं नाक मुरडलं असतं. मरण मात्र कुणाला हस्तलिखित दाखवत नाही.

त्याच्या आधी महिन्याभराच्या आतच, 18 सप्टेंबरला, शिवाजी सावंत मडगावात गेले होते. रणजित देसाईंना जाऊन दहा वर्षं झाली होती. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ आणि ‘राऊ’ ही पुस्तकं ज्या पिढीच्या फडताळात शेजारी शेजारी उभी राहिली, त्या पिढीचे तिन्ही कथेकरी गेले. देसाई, सावंत यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. इनामदारांचं नाव निघालं की पहिली ओळख आता ‘बाजीराव मस्तानी’ या सिनेमाची सांगावी लागते, आणि मग समोरचा म्हणतो, “अच्छा, ते का!” हे ‘अच्छा’ फार जिव्हारी लागतं.

त्यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1923 चा. गाव गोरेगाव, तालुका खटाव, जिल्हा सातारा. पावसाकडे तोंड करून बसणारा तो मुलूख. पुढं नोकरी आकाशवाणीत. ‘झेप’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली 1963 मध्ये, म्हणजे इनामदार तेव्हा चाळिशीच्या उंबऱ्यावर होते. तारुण्याच्या भरात हातून निसटलेलं पुस्तक नव्हे ते. नायक निवडला तो पुरतं जाणून, उमजून.

आणि काय नायक निवडला! एकच वर्ष आधी, 1962 मध्ये, ‘स्वामी’ आली होती. थोरल्या माधवरावांवर महाराष्ट्राचा जीव आधीपासूनच होता. कर्तबगार, करारी, क्षयानं सत्ताविसाव्या वर्षी गेलेला पेशवा आणि त्याच्यामागं सती गेलेली रमाबाई. डोळ्यांत पाणी तयारच होतं, देसायांनी त्याला सुरेख वाट करून दिली. त्या ओल्या डोळ्यांपुढं इनामदार कुणाला घेऊन आले? त्रिंबकजी डेंगळ्यांना. दुसऱ्या बाजीरावांचा कारभारी, इंग्रजांच्या कागदांत खुनी आणि कपटी, आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींचा धनी. माधवरावांसाठी रडायला लाखो लोक होते. डेंगळ्यांसाठी कोण होतं?

इथून इनामदारांचा सगळा प्रवास कळतो. पुढं ‘झुंज’ आली, ती यशवंतराव होळकरांवर. मग ‘मंत्रावेगळा’, ती खुद्द दुसऱ्या बाजीरावांवर. वरवर पाहिलं तर तीन वेगळी पुस्तकं, तीन नायक, एकमेकांचे वैरी किंवा धनी-चाकर. पण ही तिन्ही माणसं एका दिवसाशी बांधलेली आहेत, आणि तो दिवस म्हणजे 25 ऑक्टोबर 1802 ची दिवाळी.

त्याच्या मागच्या वर्षी, एप्रिल 1801 मध्ये, यशवंतरावांचा भाऊ विठोजी पुण्यात हत्तीच्या पायी दिला गेला. शनिवारवाड्यासमोर हत्ती, त्याच्या पायाशी साखळदंडात माणूस, आणि वर बसून पाहणारा पेशवा. जिवाची याचना झाली, ती ऐकली गेली नाही. दीड वर्षानं यशवंतराव पुण्याच्या दारात आले. शिंद्यांची आणि पेशव्यांची फौज एका बाजूला, होळकर दुसऱ्या बाजूला. पुण्यात अभ्यंगस्नानं, फराळाची ताटं, आणि हडपसराकडून तोफांचा आवाज. बाजीराव लढाई पाहायला म्हणून निघाले होते. तोफांनी घाबरून त्यांनी दिशा बदलली आणि हार कळताच सिंहगड गाठला, असं ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. तिथून महाडकडं, तिथून समुद्र, आणि डिसेंबरात वसईला इंग्रजांच्या पंखाखाली. 31 डिसेंबरला वसईचा तह झाला. लढाई यशवंतरावांनी जिंकली आणि राज्य इंग्रजांनी जिंकलं.

त्रिंबकजींचं नशीबही याच पळापळीत उघडलं. ते मूळचे जासूद. बाजीराव महाडला असताना पुण्याला पत्र पोचवून त्याचं उत्तर या गड्यानं कुणाला वाटलं नव्हतं इतक्या लवकर आणून दिलं, आणि धन्याच्या नजरेत भरला, अशी हकीकत आहे. एका दिवाळीत एकाला विजय मिळाला आणि तो वाया गेला. दुसऱ्यानं गादी वाचवली आणि दौलत घालवली. तिसऱ्याच्या पायांतल्या वेगामुळं त्याचं दैव फिरलं, आणि तेच दैव पुढं त्याला गंगाकाठच्या एका किल्ल्यात मरेपर्यंत कोंडून ठेवणार होतं. हडपसरच्या त्या एका दुपारी इनामदारांना तीन कादंबऱ्या दिसल्या. मला वाटतं, त्यांच्या लेखक म्हणून असलेल्या डोळ्याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही.

डेंगळ्यांची गोष्ट जरा थांबून पाहू.

जुलै 1815 मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री गायकवाडांचे वकील, इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आलेले. आळ त्रिंबकजींवर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टननं बाजीरावांच्या मागं लकडा लावून त्रिंबकजींना ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले, देशी माणसाला फितवायला नको म्हणून. तिथंच चूक झाली. किल्ल्यातल्या एका साहेबाकडं मराठी मोतद्दार कामाला लागला. घोड्याला खरारा करता करता तो गाणी म्हणायचा. भिंतीपलीकडं रानातल्या वाटा कशा आहेत, घोडी कुठं उभी आहेत, साथीदार किती आहेत, हे सगळं गाण्यात. गोरा पहारेकरी ऐकत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. कैद्याला अक्षरन् अक्षर कळत होतं. 12 सप्टेंबर 1816 ची रात्र, अंधार, पाऊस. शौचकूपाच्या भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी पसार झाले.

ही बखरीतली रसाळ भर नव्हे. बिशप हीबरनं आपल्या रोजनिशीत त्या गाण्यांची दखल घेतली आहे. इंग्रजांच्या धर्मगुरूला ज्याचं कौतुक वाटलं, त्या माणसावर मराठीत मनापासून लिहायला 1963 साल उजाडावं लागलं. आणि लिहिलं कुणी, तर आकाशवाणीत नोकरी करणाऱ्यानं! भिंतीपार जाणाऱ्या आवाजाची ही कथा त्याच्याच हाती पडावी, याची मौज वाटते. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आजही तुरुंगच आहे. बाहेरच्या रस्त्यावरून रोज हजारो माणसं स्टेशनाकडं जातात.

पुढचं सगळं उताराचं. त्रिंबकजींनी डोंगरांतून माणसं गोळा केली. त्यांना हजर करा म्हणून इंग्रजांनी बाजीरावांचा गळा धरला, आणि जून 1817 चा तह पेशव्यांच्या माथी मारला. 1818 मध्ये राज्य बुडालं, त्याच वर्षी त्रिंबकजी सापडले आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात गेले. हीबर त्यांना तिथंच भेटला. 1829 मध्ये ते तिथंच वारले. चुनार ते आपलं गाव निमगाव जाळी हे अंतर त्या माणसानं शेवटच्या अकरा वर्षांत मनातल्या मनात किती वेळा तोडलं असेल? दप्तर अशा प्रश्नाचं उत्तर देत नाही. तिथूनच तर कादंबरीकाराचं काम सुरू होतं.

यशवंतरावांचा शेवट याहून वाईट. हडपसर जिंकणारे, इंग्रजी पलटणींना 1804 मध्ये सळो की पळो करून सोडणारे, एका डोळ्यानं अधू झालेले यशवंतराव भानपुऱ्याला तोफा ओतण्याच्या भट्टीपुढं स्वतः राबत होते. पुन्हा लढायचं होतं. त्या धगीत, मद्यात आणि जागरणांत डोकं फिरलं. उरलेली तीनेक वर्षं त्याच अवस्थेत काढून 28 ऑक्टोबर 1811 रोजी ते गेले. वय पस्तीसच्या आसपास. हडपसरच्या तारखेनंतर तीनच दिवसांनी, नऊ वर्षांच्या अंतरानं.

आणि बाजीराव? ज्यांना महाराष्ट्र ‘पळपुटा’ याशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारत नाही, ते सगळ्या पेशव्यांत दीर्घायुषी निघाले. 3 जून 1818 रोजी माल्कमच्या स्वाधीन झाले, सालीना आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्ताला गेले, आणि 1851 च्या जानेवारीपर्यंत जगले. स्नानसंध्या, दानधर्म, लग्नं, दत्तकं. सत्तावीस वर्षांच्या माधवरावांवर कादंबरी लिहिणं अवघड नाही असं मी म्हणत नाही. पण राज्य बुडवून पुढं तेहतीस वर्षं जेवणाऱ्या-झोपणाऱ्या माणसाविषयी वाचकाच्या मनात करुणा जागवायची, म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं झालं. इनामदारांनी ते केलं. वाचनालयातून आणलेल्या ‘मंत्रावेगळा’च्या एका प्रतीत समासात कुणा वाचकानं शिसपेन्सिलीनं रागारागानं शेरे मारलेले मी पाहिलेत. पहिल्या शंभर पानांत जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला एक. मग ते विरळ होत जातात. शेवटी शेवटी पानं कोरी आहेत. त्या वाचकाचं मत बदललं की पेन्सिल संपली, देव जाणे. मला पहिलं खरं वाटतं.

बदनाम माणसांची अशी वकिली करणाऱ्या इनामदारांत वकिलाचे दोषही होते, ते लपवून श्रद्धांजली वाहण्यात अर्थ नाही. अशिलाची बाजू मांडताना फिर्यादीचं मढं बाजूला पडतं. गंगाधरशास्त्र्यांना खरोखरच कुणीतरी रस्त्यात कापलं होतं, त्यांच्या घरीही कुणी रडलं असेल. हडपसर जिंकल्यावर पुणेकरांना त्या विजयाची किंमत मोजावी लागली, घरं धुंडाळली गेली, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला आणि माणसं किड्यामुंगीसारखी मेली. नायकावर जीव जडला की या गोष्टी कादंबरीत पातळ होतात. भाषेचंही तसंच. त्यांची माणसं कधी कधी शेजघरात दरबारातल्यासारखी बोलतात. लांबण लागते. संपादकानं कात्री चालवली असती तर दोनतीन पुस्तकं अधिक धारदार झाली असती. पण त्या काळात वाचक जाडजूड पुस्तकाचीच वाट पाहत होता आणि प्रकाशक त्याला ते देत होता. दुपारच्या जेवणानंतर उशी पाठीशी घेऊन तीनशे पानं सलग वाचणाऱ्या बायका-पुरुषांचा तो महाराष्ट्र होता.

‘राऊ’ आली 1972 मध्ये. पहिल्या बाजीरावांवर, म्हणजे एकदाचे इनामदार विजेत्याकडं वळले असं वाटतं. पण वळले कुठं? रणात न हरलेल्या माणसाची हार त्यांनी घरात शोधली. आई, भाऊ, मुलगा, पुण्याचं ब्रह्मवृंद आणि मधोमध मस्तानी. एप्रिल 1740 मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव ज्वरानं गेले. मस्तानी पुण्याकडं अटकेत होती. तीही फार दिवस जगली नाही. पाबळला तिची कबर आहे. तिच्याविषयी समकालीन कागद इतके थोडे आहेत की ओंजळीत मावतील. आज तिची जी मूर्ती मराठी मनात उभी आहे, ती दप्तरानं घडवलेली नाही, कादंबरीकारानं घडवली आहे. इतिहासाचा अभ्यासक यावर कपाळाला हात लावतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही. पण मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतात पेशव्यांकडून लढून जखमी होऊन मेला, हे तर कागदावर पक्कं आहे. ज्या घरानं त्याच्या आईला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्या घरासाठी. एवढी एक गोष्ट समजून घेण्यासाठीसुद्धा कुणीतरी ‘राऊ’ लिहायलाच हवी होती.

तरीही, ‘राऊ’ ही त्यांची सर्वांत उत्तम कादंबरी आहे असं मला वाटत नाही. सर्वांत लाडकी आहे. संजय लीला भन्साळींनी 2015 मध्ये तिच्या आधारावर सिनेमा काढला. झुंबरं, आरसे, नाच यांच्या गर्दीत इनामदारांचं नाव पडद्यावर आलं आणि गेलं. पुढच्या वर्षी विक्रांत पांडे यांचा इंग्रजी अनुवाद निघाला. मराठी लेखक विमानतळावरच्या दुकानात पोचला, पण जाऊन तेरा-चौदा वर्षं झाल्यावर.

‘शहेनशहा’त ते आणखी पुढं गेले. औरंगजेब! मराठी वाचकापुढं औरंगजेबाला माणूस म्हणून बसवायचं. ज्यानं संभाजीराजांना हालहाल करून मारलं त्याच्या म्हातारपणाकडं, एकटेपणाकडं, मुलांवरच्या संशयाकडं पाहायला लावायचं. आज कुणी नव्यानं हे करायला धजेल का, हा प्रश्न मी इथं नुसता विचारून ठेवतो. दख्खन जिंकायला आलेला बादशहा पंचवीस वर्षं इथल्या चिखलात रुतला आणि 1707 मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला मेला. खुलताबादेत त्याची कबर आहे, साधी, आभाळाखाली. आणि 1997 मध्ये 70 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते नगरलाच. अध्यक्ष ना. सं. इनामदार. ज्याच्या अखेरच्या श्वासांवर आपण लिहिलं तो जिथं मेला, तिथून हाकेच्या अंतरावर मांडवात उभं राहून त्यांनी मराठी माणसांना उद्देशून भाषण केलं. बादशहाला जे शहर शेवटी परकंच राहिलं, त्या शहरानं त्याच्या कादंबरीकाराला हारतुरे घातले.

‘शिकस्त’ मला या सगळ्यांत जवळची. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांची बायको पार्वतीबाई ते मानायला तयार झाली नाही. कुंकू पुसलं नाही. पुढं भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा अर्धं राज्य हललं. 1776 मध्ये तोतयाला देहदंड झाला. ती मात्र होती तशीच राहिली, अखेरपर्यंत सौभाग्यवती. पानिपतावर लिहिताना रणधुमाळी सोडून या एका बाईच्या न संपणाऱ्या वाट पाहण्यावर इनामदारांनी पुस्तक बेतलं. लढाई दीड दिवसाचीही नव्हती. तिची किंमत ही बाई वीस वर्षांहून अधिक काळ रोज सकाळी कपाळावर रेखत होती.

त्यांच्या जाण्याचं दुःख मला वाटतं ते इथं. ऐतिहासिक कादंबरी अजून निघते, खपतेही. पण तिचे नायक आता आधीच देव्हाऱ्यात बसलेले असतात आणि लेखकानं फक्त आरती म्हणायची असते. लढाई जिंकलेली, घोडा पांढरा, वाचकाच्या मुठी वळलेल्या. ज्याच्याविषयी आपलं मत वाईट आहे अशा माणसाच्या घरी आपल्याला हात धरून नेणारा, तिथं बसवणारा, पाणी विचारणारा लेखक राहिलेला नाही. त्या जातीच्या लेखनाला हिंमत लागते, आणि वाचकही लागतो, पहिल्या शंभर पानांत शेरे मारणारा पण पुस्तक खाली न ठेवणारा.

तेव्हा विनंती एवढीच. ‘राऊ’ तुम्ही वाचली असेल, निदान सिनेमा तरी पाहिला असेल. आता ‘झेप’ वाचा. तुमच्या गावच्या वाचनालयात ती बहुधा असेल, मागच्या कपाटात. ग्रंथपालांना नाव सांगून काढायला लावा. फार दिवस कुणी नेली नाही म्हणून एखादं पुस्तक रद्दीत काढायची वेळ येते, तेव्हा नोंदवहीतली शेवटची तारीखच पाहिली जाते.